काळी एकच्या अभंगासाठी गिटार : प्रकल्प नोंदी

४ मे २०२५, रविवार

मंडळाच्या बैठकीत आज पक्कं झालं. आषाढीच्या कार्यक्रमात या वर्षी इलेक्ट्रिक गिटार वाजणार. एकादशी ६ जुलैला, म्हणजे हातात दोन महिने आहेत. निवड माझ्यावर सोपवली आहे आणि खर्चाची मर्यादा साठ हजार. पैसे वर्गणीतून आलेले, त्यामुळे काय घेतलं आणि का घेतलं हे कुणी विचारलं तर दाखवता आलं पाहिजे. म्हणून ही वही.

संच नेहमीचाच. गायला बुवा, पेटीवर काका, पखवाजावर दादा, टाळ धरून झील देणारी मंडळी, आणि मागच्या बाजूला मी. आजवर साधी अकूस्टिक गिटार घेऊन बसत होते. विठ्ठलाच्या रूपाच्या अभंगात ती जराशी ऐकू यायची, टाळ चढले की संपलं. माइक वाढवला की शिट्टी.

बुवांनी अट सांगितली ती जशीच्या तशी लिहिते : “पेटीच्या अंगावर येऊ नकोस. आणि मी श्वास घेतो तेव्हा मागे सूर उभा असला पाहिजे.” मला काय शोधायचं आहे ते यात सगळं आलं. स्वराला आस (छेडल्यावर टिकून राहणं) हवी, पण जाडी नको.

६ मे, मंगळवार

मागच्या वर्षीच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. या वेळी गिटारला मोकळी जागा कुठे सापडते तेवढंच शोधत होते.

पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावलेली असते, तिचा घुमारा सगळ्यांत खाली, साधारण शंभर हर्ट्झच्या (सेकंदाला शंभर कंपनांच्या) आजूबाजूला. काकांची पेटी खर्ज आणि नर अशा दुहेरी सुरांची. तिच्या स्वरात उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे सूर) भरपूर, त्यामुळे दोनशे हर्ट्झपासून दोन-अडीच हजारांपर्यंतचा सगळा पट्टा ती भरून टाकते. बुवांचा आवाजही त्याच पट्ट्यात. तीन हजारांच्या वर टाळ, आणि गजर सुरू झाला की तिथे दुसऱ्या कुणाला थारा नाही.

उरतं काय? पेटीचा दाटपणा जरा ओसरतो आणि टाळांची झळझळ अजून सुरू झालेली नसते, तेवढी एक चिंचोळी पट्टी. तिथे गिटारचा स्वर स्वच्छ उमटला पाहिजे, आणि चारशे ते आठशेच्या भागात तिने अंग चोरून बसलं पाहिजे. याचा अर्थ असा की जो गोल, भरलेला टोन दुकानात एकटा ऐकला की मन तृप्त होतं, तोच इथे नेमका पेटीच्या अंगावर जाणार. दुकानात जाताना हे ध्यानात ठेवायचं.

१० मे, शनिवार

डोंबिवलीहून सकाळची लोकल, तिथून धोबी तलाव, वाद्यांचं दुकान फुर्टाडोज. १८६५ सालापासूनची पेढी. भिंतीवर टांगलेल्या गिटारी बघून हात शिवशिवतातच, पण आज पद्धत ठरवून गेले होते. केबल माझी, पिक माझं, सगळ्या गिटारींना एकच अँप, त्यावरची बटणं मध्यावर, रिव्हर्ब बंद. प्रत्येक गिटार आधी केबल न लावता, मग लावून. वाजवायचं एकच : षड्जावरून पंचमापर्यंत मींड (न तुटता घसरत जाणं), पंचमावर थांबायचं आणि स्वर आपोआप विरेपर्यंत हात लावायचा नाही.

आणखी एक काळजी घेतली. पिकअप म्हणजे तारेचं हलणं विजेत बदलणारं चुंबक आणि वेटोळं. हंबकर या दोन वेटोळ्यांच्या पिकअपची गिटार उपजतच मोठ्याने बोलते, आणि जे मोठं ऐकू येतं ते कानाला चांगलं वाटतं. म्हणून प्रत्येक वेळी अँपचा आवाज मोबाइलच्या मीटरवर सारखा करून मगच ऐकलं. एवढं केलं नाही तर निवड टोनची न होता आवाजाच्या पातळीची होते.

टेलिकास्टर. लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. कॅलिफोर्नियात त्याने ही गिटार १९५० मध्ये आणली तेव्हा तिचं नाव ब्रॉडकास्टर होतं. ग्रेच कंपनीच्या ड्रमचं नाव जवळपास तेच असल्यामुळे १९५१ मध्ये ते बदललं. नाचाच्या हॉलमध्ये सगळ्या वाद्यांना भेदून ऐकू यावी म्हणून केलेली गिटार, आणि ब्रिज (तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात ती जागा) जवळचं पिकअप आजही तेच करतं : तीक्ष्ण, खणखणीत, सरळ टाळांच्या मुलखात. आमच्या कामाचं नाही. नेक (दांड्या) जवळच्या पिकअपवर धातूची टोपी असते, त्यामुळे वरचे उपस्वर बोथट होतात. तो टोन मऊ आहे, छान आहे, पण मींड घेताना शब्द पुसट झाल्यासारखा वाटतो.

लेस पॉल. हिच्यातल्या हंबकरमध्ये दोन वेटोळी एकमेकांच्या उलट जोडलेली असतात, आणि त्यांचे चुंबकही उलट. ही गिटार करणाऱ्या गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी त्याच्या पेटंटसाठी १९५५ मध्ये अर्ज केला आणि १९५७ पासून ती गिटारींवर बसू लागली. बाहेरून आलेली गुणगुण दोन्ही वेटोळ्यांत सारखीच शिरते आणि उलट जोडणीमुळे एकमेकींना खाऊन टाकते. तारेचा स्वर मात्र दुप्पट होतो. दोन वेटोळी मिळून तारेचा लांब तुकडा ऐकतात, त्यामुळे अगदी बारीक उपस्वरही थोडे पुसले जातात. परिणाम : भरदार, मधाळ. आज ऐकलेल्यांत सगळ्यांत लांब आस हिचीच. नेक पिकअपवरचा पंचम इतका लांबला की काउंटरवरचे दोघे वळून बघायला लागले. मलाही मोह झाला. पण काकांची पेटी डोळ्यांसमोर आणली की कळतं, दोघांची जागा एकच आहे.

पी-९० पिकअप लावलेली एपिफोन. पी-९० हे १९४६ सालचं, हंबकरच्याही आधीचं, एकाच रुंद वेटोळ्याचं. हळू वाजवलं तर सोज्वळ, जोर लावला की घशातून बोलल्यासारखं. माझ्या मनात ही भरली. हिला तालमीत नेऊन बघायचंच.

अर्धपोकळ गिटार थोडक्यात आटोपली. आवाज हवेशीर, पण मॉनिटरसमोर बसून वाजवायचं आहे आणि शेजारी पखवाज. पोकळीत घुमारा शिरला की पुन्हा शिट्टीची भीती.

स्ट्रॅटोकास्टर, १९५४ ची रचना, तीन पिकअप. स्विचच्या चौथ्या स्थानावर नेक आणि मधलं अशी दोन्ही मिळून बोलतात. हा स्वर ऐकताना पोट आत घेतल्यासारखा वाटतो : मधला भाग ओसरलेला, कडा स्वच्छ. एकटी ऐकली तर लेस पॉलपुढे ही फिकी. तरीही वहीत हिच्यापुढे खूण केली आहे.

११ मे, रविवार

काल जे ऐकलं त्याचं कारण कागदावर मांडून बघितलं.

स्ट्रॅटची मोकळी तार नटपासून (दांड्याच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून) ब्रिजपर्यंत ६४८ मिलिमीटर. नेक पिकअप ब्रिजपासून साधारण १६२ मिलिमीटरवर, म्हणजे तारेच्या बरोबर पाव अंतरावर. पाव अंतरावर चौथ्या उपस्वराची गाठ असते. तिथे तार त्या उपस्वरात हलतच नाही, म्हणून पिकअपला तो ऐकू येत नाही. मोकळ्या तारेचा नेकवरचा आवाज जो बासरीकडे झुकल्यासारखा वाटतो त्यामागे हे आहे. ब्रिज पिकअप ब्रिजपासून जेमतेम चार सेंटीमीटरवर. तिथे तार फार कमी हलते, मूळ स्वर कमजोर, वरचे उपस्वर वरचढ. म्हणून तो टोन बारीक आणि टोकदार.

नेक आणि मधलं एकत्र लावलं की एकच तार दोन ठिकाणांहून ऐकली जाते. काही उपस्वर दोन्हीकडे एकाच दिशेने येतात आणि वाढतात, काही उलट दिशेने येऊन एकमेकांना मारतात. मधला भाग ओसरतो तो असा. सुरुवातीच्या स्ट्रॅटवर तीनच स्थानांचा स्विच होता. वादक तो दोन खाचांच्या मध्ये अडकवून हा टोन काढायचे. पाच स्थानांचा स्विच फेंडरने १९७७ मध्ये दिला.

चोवीस पडद्यांच्या (फ्रेटच्या) गिटारी मी यादीतून काढल्या. पडदे वाढले की नेक पिकअपला ब्रिजकडे सरकावं लागतं, आणि मला हवी असलेली पाव अंतराची जागाच जाते.

१८ मे, रविवार

तालीम. ओळखीच्यांकडून तीन गिटारी मागून आणल्या होत्या : हंबकरची, पी-९० ची आणि स्ट्रॅट. तिन्हींवर एकाच मापाच्या नव्या तारा चढवल्या, ०.०१० ते ०.०४६ इंच. मी बुवांच्या मागे बसते, त्यामुळे कोणती गिटार हातात आहे ते त्यांना दिसत नाही. दादांना आणि काकांना मान वळवू नका म्हणून सांगितलं.

त्याआधी सुरावटीचं गणित. बुवा काळी एकमध्ये गातात, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा त्यांचा षड्ज, कधी काळी दोन. गिटारच्या मोकळ्या तारा नेहमीच्या जुळणीत पांढऱ्या पट्ट्यांवर असतात, त्यामुळे काळी एकमध्ये मोकळी तार कामालाच येत नाही, सगळं बोट दाबून. म्हणून सहाही तारा अर्ध्या स्वराने उतरवल्या. आता चौथी तार मोकळी सोडली की काळी एकचा षड्ज, पाचवी मोकळी सोडली की पंचम. तंबोऱ्याची जोडीच आयती मिळाली. शिवाय डीचा आकार धरला की काळी एक, ईचा धरला की काळी दोन, जीचा धरला की काळी तीन, एचा धरला की काळी चार. भजनी मंडळात गिटार वाजवणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा करून बघावं असं मला मनापासून वाटतं. हात मोकळा होतो आणि गिटार गात्या गळ्याच्या पट्टीत आपसूक बसते.

अर्धा स्वर उतरवला की ताण अकरा टक्क्यांच्या आसपास कमी होतो. इथे लांबीचा प्रश्न येतो. गिब्सन घराण्याच्या गिटारींची तार २४.७५ इंच, फेंडरची २५.५. एकाच मापाची तार एकाच स्वराला लावली तर लांब गिटारवर ताण सहा टक्क्यांच्या आसपास जास्त. उतरवलेल्या जुळणीत आखूड गिटारवरची सहावी तार मला लोळल्यासारखी वाटली. स्ट्रॅटवर ती ताठ राहिली आणि मींड नेमकी पोहोचली.

आता ऐकणाऱ्यांचं.

हंबकर : रूपाच्या अभंगात बुवा खूश. अंतऱ्याला काकांनी भाता थांबवला आणि म्हणाले, “माझी पेटी कुठे गेली?” टोनचं बटण फिरवून, आवाज कमी करून बघितलं. आवाज कमी केला की गिटारच जाते, वाढवला की पेटी जाते. मधली जागा सापडली नाही.

पी-९० : संथ अभंगात तिन्हींत सुंदर. हे लिहिताना अजून कानात आहे. पण दादा भजनी ठेका सोडून जलद लग्गीत शिरले, गजर सुरू झाला, माझा हात आपोआप जड झाला आणि टोन गुरगुरायला लागला. बुवांच्या शब्दांवर ती गुरगुर बसली. हात हलका ठेवता येईल, पण गजरात हलका हात ठेवून वाजवणं म्हणजे गजर न करणं.

स्ट्रॅट, चौथं स्थान : पहिल्या दोन मिनिटांत कुणी काही बोललं नाही. मग दादा म्हणाले, “आता माझी डावी ऐकू येते.” काका वाजवत राहिले. बुवांनी श्वास घेतला तेव्हा मोकळ्या चौथ्या तारेवरचा षड्ज मागे उभा होता, आणि करंगळीने व्हॉल्यूमचं बटण उघडत तो हळूहळू वर आणला. स्ट्रॅटचं व्हॉल्यूम करंगळीखाली येतं, ही किती मोठी सोय आहे ते आज कळलं. आघात ऐकूच येत नाही, स्वर सारंगीच्या गजाने काढल्यासारखा उगवतो. बुवांनी मागे हात करून ‘असंच’ अशी खूण केली.

२७ मे, मंगळवार

काल मुंबईत मोसमी पाऊस दाखल झाला, मे महिन्यातच. गिटारच्या लाकडाबद्दल लिहून ठेवायला योग्य वेळ.

मंडळातल्या एका मुलाने विचारलं होतं, लाकडाने टोन बदलतो ना, मग भारी लाकडाची घ्यायला नको का? दोन स्ट्रॅट ऐकून बघितल्या, एकीची फळी (पडदे बसवलेली दांड्यावरची पट्टी) मेपलची, दुसरीची गडद लाकडाची. पिकअप एकाच प्रकारचे, तारा त्याच, पिकअपची उंची मोजून सारखी केलेली. रेकॉर्ड करून उलटसुलट लावलं. मला आणि काकांना खात्रीने ओळखता आलं नाही. उलट स्विच एक खाच हलवला की टाळ धरणाऱ्या मुलांनाही फरक कळला. पिकअपला लाकूड ऐकूच येत नाही. त्याच्या चुंबकासमोर पोलादी तार हलते, तेवढंच त्याला कळतं. लाकूड तारेची शक्ती किती लवकर शोषून घेतं यावर आसेत थोडा फरक पडत असेल, पण साठ हजारांत निवड करताना मी लाकडाला शेवटचा नंबर देईन. पोकळ वाद्याची गोष्ट वेगळी, तिथे लाकूडच आवाज काढतं.

त्या गडद फळीचं मात्र अप्रूप वाटलं. गिटारच्या फळीला वर्षानुवर्षं शिसव वापरायचे, आपल्या सह्याद्रीतही होतो तोच भारतीय शिसव. २०१७ च्या जानेवारीत शिसवाच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणाखाली आल्या, प्रत्येक खेपेला परवान्याची कागदपत्रं लागू लागली. तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस सूट मिळाली, पण मधल्या काळात फेंडरच्या स्क्वायरने आणि गिब्सनच्या एपिफोनने स्वस्त गिटारींना ‘इंडियन लॉरेल’ लावायला सुरुवात केली. हे लॉरेल म्हणजे आपला ऐन. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल असलेलं, माळशेज घाटात वाटेवर दिसणारं झाड. लाकूडतोड्यापासून घर बांधणाऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असलेलं हे लाकूड गिटारच्या फळीवर बघून मला फार आनंद झाला.

पावसाळ्यासाठी : गिटार केसमध्ये, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या, वाजवून झाल्यावर तारा सुक्या फडक्याने पुसायच्या. आमच्याकडच्या दमट हवेत आणि घामात तारा फार लवकर काळ्या पडतात, आणि गंजलेली तार कोणत्याही पिकअपवर मेलेलीच वाजते.

१ जून, रविवार

गुणगुण. एका वेटोळ्याच्या पिकअपची ही जुनी व्याधी. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे गुणगुणही ५० आणि त्याच्या पटीत. मंद्रातला जी ४९ हर्ट्झचा, म्हणजे ही गुणगुण त्याच्या किंचित वर बसते. बुवांचा षड्ज काळी एक. काळी एकपासून जी मोजला तर येतो तीव्र मध्यम. याचा अर्थ, शुद्ध मध्यमाच्या अभंगात सगळे थांबले असताना आमच्या मागे एक बेसूर तीव्र मध्यम सतत वाजत राहणार! ज्याला गुणगुण ‘चालते’ तो काळी एकमध्ये गाणाऱ्या बुवांच्या मागे बसलेला नाही.

स्ट्रॅटच्या चौथ्या स्थानाचा दुसरा फायदा इथे आहे. मधलं पिकअप उलट गुंडाळलेलं आणि उलट चुंबकाचं असेल तर नेक आणि मधलं मिळून हंबकरसारखं काम करतात आणि गुणगुण मरते. सगळ्याच स्ट्रॅटमध्ये ही सोय नसते, जुन्या धर्तीवरच्या काही मॉडेलांत तिन्ही पिकअप सारखीच असतात. म्हणून घेताना अँप वाढवून, तारा हाताने झाकून, स्विच पाचव्या (एकट्या नेकच्या) स्थानावरून चौथ्यावर आणायचा. गुणगुण झपकन खाली गेली पाहिजे. हे कागदावरच्या माहितीवर सोडायचं नाही.

८ जून, रविवार

केबल. दुर्लक्षित, पण टोनमध्ये तिचा वाटा लाकडापेक्षा कितीतरी मोठा. पिकअपचं वेटोळं आणि केबलची धारकता (वीज साठवण्याची क्षमता) मिळून एक शिखर तयार होतं, म्हणजे एका ठरावीक उंचीचे सूर उठून येतात. त्या शिखराच्या वरचा भाग झपाट्याने उतरतो. स्ट्रॅटच्या पिकअपची प्रेरकता साधारण २.४ हेन्री धरली, केबल मीटरला शंभर पिकोफॅरड धरली आणि पिकअपचे स्वतःचे शंभर मिळवले, तर सहा मीटर केबलवर शिखर येतं ३,९०० हर्ट्झच्या आसपास. केबल तीन मीटरची केली तर ते ५,१०० वर जातं. हंबकर साडेचार हेन्रीचं धरलं तर सहा मीटरवर २,८०० च्या आसपास. लेस पॉलचा मध आणि स्ट्रॅटची कड यांच्यातला बराचसा फरक या तीन आकड्यांतच आहे.

आमच्यासाठी यातून निघालेलं : छोटी केबल नको. शिखर पाच हजारांवर गेलं की आम्ही टाळांत घुसतो. सहा मीटरचीच ठेवायची, आणि टोनचं बटण सातवर.

१४ जून, शनिवार

घेतली. स्क्वायरची स्ट्रॅट, फळी ऐनाची, अल्निको चुंबकांची पिकअप. त्याच मॉडेलच्या दोन दुकानात होत्या, दोन्ही ऐकल्या. पहिलीच्या चौदाव्या पडद्यावर तार घसटत होती. दुसरी घेतली. चौथ्या स्थानावर गुणगुण गेल्याची खात्री तिथेच केली. केस, तारांचे संच, डीआय बॉक्स (गिटार मिक्सरला जुळवून देणारी डबी) धरून मर्यादेच्या आत. पावत्या खजिनदारांकडे दिल्या.

१७ जून, मंगळवार

घरी जुळवणी. तारा शुद्ध निकेलच्या चढवल्या, निकेलचा मुलामा दिलेल्या नेहमीच्या तारांपेक्षा यांचा आवाज गोल येतो. माप तेच.

पिकअपची उंची फुरसतीने केली. चुंबक तारेच्या फार जवळ गेलं की तारेला खेचतं, आणि वरच्या पडद्यांवर जाड तारांचा स्वर दुभंगतो, लाटा येतात. पेटीसमोर असा स्वर क्षणभरही चालणार नाही. शेवटच्या पडद्यावर तार दाबून मोजलं : नेक पिकअप जाड तारांकडे तीन मिलिमीटर, बारीक तारांकडे अडीच. आवाज थोडा कमी झाला, पण स्वर सरळ झाला आणि आस वाढली. मधलं पिकअप किंचित वर घेतलं, म्हणजे चौथ्या स्थानावर दोघांचं वजन सारखं येतं.

ब्रिज तरंगता होता, तो मागे पाचही स्प्रिंग लावून लाकडावर टेकवला. तरंगत्या ब्रिजवर एक तार खेचली की बाकीच्या तारा उतरतात. मी बारीक तारेवर मींड घेतेय आणि खाली चौथीवरचा षड्ज घसरतोय, हे होता कामा नये. टेकवल्यावर दांडीने स्वर फक्त खाली नेता येतो, वर नाही. कोमल गंधाराच्या आंदोलनाला तेवढं पुरतं.

२९ जून, रविवार

हॉलवर तालीम. ध्वनिव्यवस्थेवाल्याने केबल घेतली आणि सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये खोचली. आवाज मेला. पिकअपला पुढे दहा लाख ओहमच्या आसपास रोध हवा असतो, मिक्सरचं ते इनपुट दहा हजारांचं. वरचे सगळे उपस्वर तिथेच बुडतात. मध्ये डीआय बॉक्स घातला तेव्हा उपस्वर परत आले, पण आता कर्कश. कारण गिटारचा बारा इंची स्पीकर पाच हजारांच्या वर फारसं काही जाऊ देत नाही आणि हॉलचे स्पीकर सगळंच जाऊ देतात. डीआयवर स्पीकरच्या नकलेचं बटण आहे, ते दाबलं. शिवाय मिक्सरवर पाच हजारांच्या वरचं उतरवून घेतलं आणि दीडशेच्या खालचं कापलं, ती जागा दादांच्या डावीची.

मग मात्र जसं तालमीच्या खोलीत ऐकलं होतं तसंच हॉलमध्ये ऐकू आलं. सगळ्या जोडण्या कागदावर काढून एक प्रत ध्वनिव्यवस्थेवाल्यांना दिली, एक केसच्या झाकणात चिकटवली.

७ जुलै, सोमवार

कार्यक्रम झाला. आकडे विसरायच्या आत : स्विच चौथ्यावर, गजराला दुसऱ्यावर. टोन सात. व्हॉल्यूम सहा ते नऊ, गायन सुरू असताना सहाच्या वर नाही. व्हॉल्यूम कमी केल्यावर वरचे उपस्वर जास्तच जातात, त्यासाठी व्हॉल्यूमच्या बटणाखालच्या पॉटवर छोटा कपॅसिटर डाखून घ्यायचा आहे, हजार पिकोफॅरडच्या आतला.

काकांनी कार्यक्रमभर एकदाही मागे वळून बघितलं नाही, आणि नंतर भेटल्यावर म्हणाले की पेटी वाजवताना पाठीमागे षड्ज भरलेला असल्यामुळे त्यांना खर्जाचा हात सोडून मोकळं फिरता आलं. भैरवीत मी पहिल्या तारेवरून हात काढला तेव्हा बुवांनी मान हलवून थांबू नकोस म्हणून खुणावलं, मग शेवटपर्यंत वाजवली.

कार्तिकीला एक ताई गाणार आहेत, काळी चारमध्ये. एचा आकार, मोकळी पाचवी तार षड्ज. त्यांचा आवाज बुवांपेक्षा वर, म्हणजे गिटारला मोकळी जागा कुठे मिळते ते नव्याने शोधावं लागेल. नेक पिकअप एकटं लावून, टोन पाचवर ठेवून कसं बसतं ते येत्या रविवारी काकांच्या पेटीबरोबर बघायचं. गुणगुणीचं तेव्हा काय होतं तेही. काळी चारच्या षड्जापासून जी येतो शुद्ध निषाद.